भाचीसाठी फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर शोधताना: अडीच महिने, एकच फोटो आणि भरपूर भंडारा

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि आमच्या भाचीने कॅमेरा मागितला. आईकडे मागितला, आईने माझ्याकडे बोट दाखवलं, कारण घरात हे खूळ आधी मला होतं आणि त्याचे परिणाम सगळ्यांनी भोगलेत. मग शोधाशोध करून एक सेकंडहँड कॅनन १५००डी मिळाला, सोबत नेहमीची १८-५५ लेन्स, एक बॅग आणि बॅगेच्या कप्प्यात कुणाच्या तरी लग्नातलं मेमरी कार्ड (ते परत केलं, काळजी नसावी). दोन आठवडे बाईसाहेबांनी मांजर, तुळस, आजी, परत मांजर असं सगळं काढून झालं आणि मग खरा प्रश्न आला, मामा याच्यावर एडिट कशात करायचं.

मी लगेच काहीतरी सांगून मोकळा होणार होतो पण लक्षात आलं की मला जे येतं ते मी पंधरा वर्षांपूर्वी क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, टाकून शिकलोय, आणि ते तिला द्यायचं नाहीये. म्हणून बसलो दोघं. लॅपटॉप बहिणीचा जुना, आय-थ्री, ८ जीबी रॅम, पंखा चालू झाला की मिक्सर लावल्यासारखा. बजेट शून्य. आता गेले अडीच महिने जे जे वापरलं त्याचं खरं खरं लिहितोय, कारण यूट्यूबवर बघितलं तर प्रत्येक जण सगळ्यालाच बेस्ट म्हणतो आणि खाली लिंक देतो.

टेस्ट कशी केली ते आधी सांगतो, नाहीतर नुसतं हे चांगलं ते वाईट याला अर्थ नाही. सोमवतीला आम्ही जेजुरीला गेलो होतो. कॅमेऱ्याला दुधाची पिशवी धुऊन, भोक पाडून, रबरबँडने बांधलेली, तरी घरी आल्यावर झूमची रिंग फिरवली की करकर आवाज येत होता, हळद आत गेलीच. तर तिथे तिने एक फोटो काढला, पायऱ्यांवर पालखी, वरून भंडारा उधळलेला, मागे दीपमाळ, आणि पुढे एक म्हातारेबुवा पांढरी टोपी घालून हात वर करून. फ्रेम एक नंबर. पण फोटो बघितला तर भंडाऱ्याच्या जागी पिवळा डाग, म्हणजे रंगाचा डबा सांडल्यासारखा सपाट, त्यात ना धूळ दिसते ना कण, आणि बुवांचं तोंड निळसर. आजीने बघून विचारलं, बरं नव्हतं का त्यांना.

हाच फोटो मी सगळ्या सॉफ्टवेअरमधून काढला. एकच फोटो घेतला की कळतं कुणात किती पाणी आहे.

असं का होतं ते थोडक्यात, कारण यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. पिवळा म्हणजे स्क्रीनवर लाल अधिक हिरवा, निळा जवळजवळ नाहीच. भंडारा उन्हात एवढा चमकतो की लाल जाऊन २५५ला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला टेकतो, हिरवाही वर चढतो आणि निळा शून्यावर बसतो. रंगाला वर जायला जागा नाही, खाली जायला जागा नाही, मग कणाकणातला फरक दाखवणार कशात? म्हणून डाग. आणि तोंड निळं का, तर कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर होता, त्याला वाटलं सगळीकडे एवढं पिवळं म्हणजे लाइटच पिवळा असणार, म्हणून त्याने बिचाऱ्याने निळा वाढवून हिशोब बरोबर केला. जेपीजीमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाईलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, या कॅमेऱ्याच्या रॉ फाईलमध्ये (रॉ म्हणजे कॅमेऱ्याने काही न करता ठेवलेला कच्चा माल) १४ बिट म्हणजे १६,३८४. त्यामुळे जेपीजीत जे गेलं ते रॉमध्ये बऱ्याच वेळा शिल्लक असतं. नशीब की मी तिला पहिल्या दिवशीच रॉ अधिक जेपीजी दोन्ही लावून दिलं होतं. कार्ड लवकर भरतं, एकेक रॉ पंचवीस-तीस एमबीची, पण भरू दे.

तर आता एकेक.

सुरुवात तिने आपली आपण मोबाईलवरून केली, त्यात मी नव्हतोच. मैत्रिणींनी सांगितलेलं एक अॅप, नाव घेत नाही, त्यात एक बटण दाबलं की आकाश बदलतं. तिने जेजुरीच्या फोटोला केशरी संध्याकाळ लावली. बघायला झकास. मी म्हटलं सावल्या बघ. भर दुपारचा फोटो, बुवांची सावली पायाखाली एवढीशी, आणि मागे सूर्य मावळतोय. तिने दोन मिनिटं बघितलं आणि गपचूप डिलीट केलं. त्याच अॅपने त्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावरच्या सुरकुत्याही पुसल्या होत्या, अगदी साबणाच्या वडीसारखं तोंड. मला त्या अॅपचा राग यायचं आणखी एक कारण म्हणजे तीन दिवसांचा फ्री ट्रायल घेताना बहिणीच्या फोनवरून यूपीआय ऑटोपे मंजूर झालेला होता आणि चौथ्या दिवशी वर्षाचे पैसे गेले, अठराशे आणि वर काहीतरी. पैसे कापायच्या आधी चोवीस तास मेसेज यावा लागतो असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो आलाही होता, पण ते मेसेज वाचतंय कोण, लोनच्या आणि लकी ड्रॉच्या मेसेजांत तो एक. म्हणून पहिलं काम हे करा, मुलांच्या हातात फोन असेल तर यूपीआय अॅपमध्ये जाऊन ऑटोपेच्या यादीत काय काय चालू आहे ते बघा आणि नको ते तिथूनच बंद करा. अॅप नुसतं फोनमधून काढून टाकलं म्हणून ऑटोपे बंद होत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, मलाही नव्हतं.

मग मी तिला स्नॅपसीड टाकून दिलं. हे खरं तर जुनं अॅप, २०११ सालचं, निक सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने काढलेलं, पुढच्याच वर्षी गूगलने ती कंपनी विकत घेतली. फुकट आहे, जाहिरात नाही. मधली कितीतरी वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता, मला वाटायचं पिकासासारखं हेही एक दिवस गुंडाळणार (पिकासा आठवतंय का, ते लकी बटण, आमच्या अख्ख्या खानदानाचे फोटो त्यात होते, २०१६ला गेलं बिचारं). पण २०२५ला आयफोनवर त्याला नवीन रूप मिळालं, म्हणजे जीव आहे अजून.

नवशिक्याला स्नॅपसीड का द्यायचं तर त्यात एक गोष्ट अशी आहे जी मला महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त आवडते. केलेल्या एडिटची यादी. तुम्ही पाच गोष्टी केल्या, ब्राइटनेस, मग क्रॉप, मग डिटेल्स, तर व्ह्यू एडिट्समध्ये त्या एकाखाली एक दिसतात आणि तुम्ही मधल्याच एखाद्यावर जाऊन ती बदलू शकता किंवा ब्रश घेऊन फोटोच्या अमुक भागालाच लावू शकता. तिला हे कळायला एक संध्याकाळ लागली पण कळल्यावर जी काय मजा आली. आधी ती एडिट करायची, बिघडलं की पहिल्यापासून. आता यादी उघडून चोर शोधते. म्हणते, मामा हे बघ, स्ट्रक्चर ४० केलं तिथेच वाट लागली.

दुसरं म्हणजे सिलेक्टिव्ह. फोटोवर बोट ठेवलं की एक टिंब येतं, दोन बोटांनी त्याचं वर्तुळ लहानमोठं करायचं, मग बोट वरखाली केलं की ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन निवडायचं आणि आडवं सरकवलं की कमीजास्त. ते नुसतं गोल रंगवत नाही, ज्या रंगावर टिंब ठेवलं त्याच्यासारखा रंग त्या वर्तुळात शोधतं. तिने बुवांच्या गालावर टिंब ठेवून उजेड वाढवला आणि शेजारचा भंडारा तसाच राहिला, तेव्हा ती जे ओरडली ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

पण आमच्या टेस्ट फोटोत स्नॅपसीड हरलं आणि ते हरणारच होतं, कारण दिलीच जेपीजी. भंडाऱ्याचं सॅच्युरेशन कमी केलं तर डाग पिवळ्याचा मळकट झाला, कण काही आले नाहीत. नाहीत तर नाहीत, शून्यातून काय आणणार. मोबाईलच्या डीएनजी रॉ फाईल त्यात उघडतात, पण कॅमेऱ्याच्या रॉसाठी त्याच्यावर विसंबू नका. आणि त्यातलं एचडीआर स्केप पहिले सहा महिने तरी लपवून ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं, प्रत्येक पोराला ते सापडतं आणि प्रत्येक माणसाचं तोंड कोळशाच्या खाणीतून आल्यासारखं होतं.

अडोबी कंपनीच्या लाइटरूमचं मोबाईल अॅपही बघितलं. नाव मोठं आणि काम छान, यात वाद नाही. फुकटात उजेड आणि रंगाचे स्लायडर मिळतात, आणि त्यांची मांडणी इतकी नीट आहे की शिकवायला बरं पडतं, एक्सपोजर, हायलाइट्स, शॅडोज, वरून खाली जायचं. पण मास्किंग (म्हणजे फोटोच्या ठरावीक भागालाच बदल लावणं), नको ते पुसणं आणि रॉ एडिटिंग हे पैसे भरल्यावर. म्हणजे जिथून मजा सुरू होते तिथेच दार. कॉम्प्युटरवरचं तर महिन्याच्या भाड्यावरच. आता ज्याचा धंदा आहे त्याने ते घ्यावं, लग्नाचे दोन-दोन हजार फोटो एका बैठकीत एडिट करायचे तर त्याला तोड नाही असं माझे स्टुडिओवाले मित्र सांगतात आणि मला पटतं. पण सोळा वर्षांच्या पोरीला ज्याचा हप्ता थांबला की हात थांबतो असं काही लावून द्यायला माझं मन होईना. घेणारच असाल तर एक बघून घ्या, वर्षाचा प्लॅन महिन्याच्या हप्त्याने घेतला आणि मध्येच सोडला तर सोडण्याचे पैसे लागू शकतात. हा माझा शोध नव्हे, अमेरिकेत २०२४ला एफटीसी या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या सांगण्यावरून तिथल्या सरकारने याच मुद्द्यावर अडोबीवर केस टाकली होती, हे सोडण्याचे पैसे लोकांना नीट दिसतील असे सांगितले नाहीत म्हणून.

आणि क्रॅकचं. हा विषय निघतोच. आमच्याकडे कॉम्प्युटर रिपेअर करणारे एक जण आहेत, ते म्हणाले पाचशे द्या, सगळं टाकून देतो, फोटोशॉप, लाइटरूम, प्रीमियर, लाइफटाइम. मी कॉलेजात असताना असंच टाकून घेतलं होतं आणि नंतर पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले होते, चुलत भावाच्या साखरपुड्याचे फोटो त्यात. मी अँटीव्हायरस बंद करा असं सांगणाऱ्या माणसाला आता लांबूनच नमस्कार करतो. चोरीचं आहे हा मुद्दा वेगळाच, पण फुकटात एवढं चांगलं मिळत असताना हे करायची गरजच उरलेली नाही.

आता मुद्द्याचं, आणि हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीचंच सॉफ्टवेअर असतं, फुकट. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, सगळे डीपीपी म्हणतात. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, ते २०२१ला आलं. सोनीचं इमेजिंग एज. कॅननचं उतरवताना कॅमेऱ्याचा सीरियल नंबर विचारतात, तो कॅमेऱ्याच्या तळाला असतो, आम्ही तो आजीच्या भिंगाने वाचला.

डीपीपीत रॉ उघडली आणि पहिल्यांदा काय झालं, तर फोटो तसाच दिसला जसा कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दिसला होता. हे ऐकायला साधं वाटतं पण नवशिक्यासाठी हीच मोठी गोष्ट आहे, कारण बाकीच्या रॉ सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडला की वेगळाच दिसतो आणि पोरं घाबरतात की आपलं काहीतरी चुकलं. इथे कॅननचे रंग कॅननलाच माहीत, त्यामुळे पिक्चर स्टाइल, स्टँडर्ड, न्यूट्रल, फेथफुल, मोनोक्रोम, सगळं कॅमेऱ्यातलंच, फोटो काढून झाल्यावरही बदलता येतं.

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. आधी व्हाइट बॅलन्स. त्यात पिचकारीसारखं ड्रॉपर असतं, पांढऱ्या किंवा राखाडी जागेवर क्लिक करायचं. भाची हुशार, तिने बुवांच्या पांढऱ्या टोपीवर क्लिक केलं. अख्खी जेजुरी निळी झाली. आम्ही दोघं बघत बसलो, मग झूम केलं तर टोपी पांढरी होतीच कुठे, तिच्यावर बोटभर भंडारा, सॉफ्टवेअरने हळदीलाच पांढरं समजून सगळं उलटं फिरवलं. मग दीपमाळेचा दगड घेतला, त्याच्यावरही हळद. त्या दिवशी जेजुरीत पांढरं किंवा राखाडी असं काही शिल्लक असतं का. शेवटी ड्रॉपर सोडून दिला आणि यादीतून डेलाइट निवडलं, म्हणजे ५२०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), कारण ऊन होतं आणि ऊन म्हणजे ऊन, त्याला विचारायचं काय. बुवांच्या तोंडावर रक्त आलं एकदम.

मग ब्राइटनेस पाऊण स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). मग पिक्चर स्टाइल स्टँडर्डवरून न्यूट्रल. आणि इथे तो पिवळा डाग फुटला. खरंच फुटला, आधी कडा दिसल्या, मग धुराचे लोट दिसले, मग शंभर टक्के झूम केल्यावर हवेतले कण, काही बुवांच्या भुवईवर. काही जागा तरीही गेलेल्याच आहेत, पालखीच्या अगदी वर जिथे कुणीतरी मूठभर एकदम फेकली होती तिथे काहीच नाही, ते जाऊ दे. सावल्या थोड्या उचलल्या, बस. चार गोष्टी. भाची म्हणाली एवढंच? मी म्हटलं एवढंच.

डीपीपीचे दोष नाहीत असं नाही. दिसायला ते पंधरा वर्षांपूर्वीच्या बँकेच्या सॉफ्टवेअरसारखं आहे. स्लायडर हलवला की फोटो बदलायला क्षणभर थांबावं लागतं, आमच्या लॅपटॉपला तर क्षणापेक्षा बरंच जास्त, लेन्स ऑप्टिमायझर लावला की पंखा ऐकून मांजर उठून जातं, पण त्यात दोष लॅपटॉपचा जास्त असावा. सेव्ह करणं आणि जेपीजी काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जेपीजीसाठी कन्व्हर्ट अँड सेव्ह, हे एकदा सांगावं लागतं. तुम्ही केलेले बदल मूळ रॉच्या आतच नोंद म्हणून राहतात, फोटो खरा बदलत नाही, कधीही मागे जाता येतं. आणि उद्या कॅमेरा बदलून सोनी घेतला तर हे सॉफ्टवेअर तिथे काही कामाचं नाही. पण सोळाव्या वर्षी उद्याचा विचार कोण करतो.

डीपीपीत महिनाभर घातल्यावर ती स्वतःच म्हणायला लागली की फक्त आकाशच गडद करायचंय, फक्त भंडाराच कमी करायचाय, ते कसं. ही भूक लागली की पुढचं सॉफ्टवेअर. त्याआधी दिलं तर उलटी होते.

पुढचं म्हणजे दोन आहेत, डार्कटेबल आणि रॉथेरपी. दोन्ही फुकट, ओपन सोर्स, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, ना लॉगिन ना जाहिरात. डार्कटेबल मी आधी उघडून दिलं आणि चूक केली. रॉ उघडली की फोटो वेगळा, उजवीकडे मॉड्यूलची ही भलीमोठी रांग, नावं अशी की फिल्मिक आरजीबी, सिग्मॉइड, कलर कॅलिब्रेशन, आणि रंगाचं एकच काम तीन ठिकाणी करता येतं. तिने अर्ध्या तासात बंद केलं आणि मला म्हणाली हे विमानाचं आहे का. मग क्विक अॅक्सेस पॅनल दाखवलं, त्यात नेहमी लागणारे मोजकेच स्लायडर एका जागी असतात, त्यावर आठवडा काढला, आणि मग मास्क. डार्कटेबलचे मास्क म्हणजे काय सांगू. रंगावरून मास्क करता येतो, म्हणजे फक्त पिवळ्या रंगालाच, त्यातही फक्त जास्त उजेडाच्या पिवळ्याला, आणि वर ब्रशने काढलेला आकार, दोन्ही एकत्र. आमच्या भंडाऱ्यासाठी हे देवाने पाठवल्यासारखं. डीपीपीत जो फोटो सत्तर टक्के झाला होता तो इथे नव्वदवर गेला. पण तिथे पोचायला दोन रविवार गेले आणि मी शेजारी बसलेलो होतो, एकट्या पोराने केलं असतं असं मी म्हणणार नाही.

एक सांभाळा, डार्कटेबल फोटोला हात लावत नाही, शेजारी एक छोटी एक्सएमपी फाईल करून त्यात सगळी कृती लिहून ठेवतं. आमच्या बाईंनी जागा कमी पडते म्हणून या फालतू फाईली कसल्या म्हणत फोल्डरमधून उडवल्या. तरी वाचलं, कारण त्याच्या आतल्या यादीतही नोंद असते. पण फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचे तर ती छोटी फाईल सोबत न्यायलाच पाहिजे.

रॉथेरपी मला नवशिक्यासाठी डार्कटेबलपेक्षा सोपं वाटलं, लोक उलटं सांगतात तरी. कारण एक, ते रॉ उघडताना तिच्या पोटात कॅमेऱ्याने ठेवलेली जी छोटी जेपीजी असते ती बघून उजेडाचा कर्व्ह तिच्याशी जुळवून घेतं, ऑटो मॅच्ड म्हणतात त्याला. म्हणजे सुरुवात तरी ओळखीच्या चेहऱ्याने होते. स्लायडरची संख्या मात्र इथेही भरपूर आहे आणि प्रत्येकाला हात लावायची शपथ घेतल्यासारखी पोरं वागतात. शार्पनिंगसारख्या काही गोष्टी शंभर टक्के झूम केल्याशिवाय दिसतच नाहीत, तर बदल का दिसत नाही म्हणून ती शार्पनिंग वाढवत बसली होती आणि जेपीजी काढल्यावर आजीच्या केसांची तार झाली होती.

बाकीची पटापट. जिंप हे फोटोशॉपच्या जातीचं, १९९५ला बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, २०२५च्या मार्चमध्ये त्याचं ३.० आलं. पोस्टर, दोन फोटो जोडणं, अक्षरं टाकणं यासाठी ठीक. रॉ ते स्वतः उघडत नाही, त्याला डार्कटेबल किंवा रॉथेरपी शेजारी लागतंच. सेव्ह केलं की एक्ससीएफ फाईल होते, जेपीजीसाठी एक्स्पोर्ट करावं लागतं. कुणाच्या पोराने व्हॉट्सअॅपवर न उघडणारा फोटो पाठवला तर पहिला संशय याचा घ्या. फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं, काही टाकावं लागत नाही, शाळेच्या लॅबमध्ये किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पटकन काही करायचं तर भारी. अॅफिनिटी पूर्वी विकत होतं, कॅन्व्हाने २०२४ला ती कंपनी घेतली आणि २०२५च्या ऑक्टोबरपासून फुकट केलं, कॅन्व्हाचं अकाउंट मात्र लागतं. काम उत्तम आहे, पण फोटोशॉपसारखंच लेयरचं, म्हणजे एकावर एक थर रचायचं, जग आहे, आधी उजेड कळू दे मग लेयर.

तर माझं मत विचाराल तर क्रम असा. मोबाईलवर स्नॅपसीड दोन महिने, कॅमेरा असेल तर पहिल्या दिवसापासून रॉ काढायची आणि कंपनीचं सॉफ्टवेअर, आणि जेव्हा पोर स्वतःहून म्हणेल की मला फक्त एवढाच भाग बदलायचाय तेव्हा रॉथेरपी किंवा डार्कटेबल, दोन्ही टाकून द्या, जे उघडायला हात जातो ते ठेवा. पैसे द्यायचेच असतील तर एका चांगल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कला द्या. नाहीतर क्लीनिंग किटला, आमच्या लेन्सची करकर अजून गेलेली नाही.

एक राहिलं, प्रिंटचं. एवढं सगळं करून ८ बाय १२ची प्रिंट काढायला टाकली आणि ती आली मळकी, भंडारा गव्हाच्या पिठासारखा. भाचीचं तोंड उतरलं. मी लॅबवाल्याला बोलायला निघालो होतो, बरं झालं आधी फाईल उघडून बघितली, कॅमेऱ्याच्या मेनूत आधीच्या मालकाने अडोबी आरजीबी लावून ठेवलेलं, डीपीपीने तेच पुढे नेलं आणि लॅबचं मशीन एसआरजीबीच धरून चालतं (दोन्ही रंग लिहून ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धती). दोन क्लिकचं काम. परत जेपीजी काढली एसआरजीबीमध्ये, लॅपटॉपचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणून एकदा बघितली, जरा उजळ केली, परत टाकली.

दुसरी प्रिंट आता आजीच्या देवघराशेजारी आहे. आजीने हात लावून बघितलं भंडारा बोटाला लागतो का. आणि मग म्हणाली, अगं पण त्या माणसाला एक कॉपी द्यायला पाहिजे. आता ते बुवा कुठले, कोण, काही माहीत नाही, पुढच्या सोमवतीला प्रिंट पिशवीत घालून न्यायची असं ठरलंय, त्याच पायऱ्यांवर उभं राहून शोधायचं.